भूगोल घेतलाय? मग आधी एक किलोमीटर निवडा

भूगोलाला प्रवेश घेतला असं सांगितलं की समोरचा हमखास एखाद्या देशाची राजधानी विचारतो. आली तर सांगा, नाही आली तर हसून सोडून द्या. पदवीच्या तीन-चार वर्षांत ती तुम्हाला कुणी विचारणार नाही. वर्गात एकच प्रश्न वेगवेगळी सोंगं घेऊन येत राहतो: हे इथेच का, शेजारी का नाही? नदी इथेच का वळली, बाजार याच चौकात का वाढला, पुराचं पाणी दर वेळी त्याच वस्तीत का शिरतं. शाळेत उत्तरं पाठ करून मार्क मिळवले असतील तर सुरुवातीला थोडं बिचकायला होईल.

मी हा विषय शिकलो आणि मग बरीच वर्षं प्रात्यक्षिकांचे तास घेतले. दर वर्षी नवी मुलं-मुली, पण शंका त्याच आणि चुकाही त्याच. म्हणून क्रमाने लिहून ठेवतोय. यातली एक गोष्ट मी जरा आग्रहाने सांगणार आहे आणि ती पुढे वारंवार येईल: साधारण एक किलोमीटर लांबीचा जमिनीचा एक तुकडा निवडा आणि पदवी हातात पडेपर्यंत त्याचा पिच्छा सोडू नका.

प्रवेशाआधी: तास मोजा

अभ्यासक्रमातली विषयांची नावं सगळीकडे सारखीच भारदस्त असतात, त्यांवरून काही कळत नाही. आठवड्याला प्रात्यक्षिकांचे तास किती, क्षेत्रभेट सक्तीची की ऐच्छिक, तिचा खर्च कोणाच्या खिशातून, जीआयएस (संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळायची प्रणाली) कोणत्या वर्षी सुरू होतं आणि शेवटच्या वर्षी लघुप्रबंध लिहावा लागतो का, हे विचारा. माझं स्पष्ट मत आहे की जिथे क्षेत्रभेटही नाही आणि लघुप्रबंधही नाही, तिथे भूगोल अर्धाच शिकवला जातो. शक्य असेल तर विभागात एकदा जाऊन या आणि प्रयोगशाळेतल्या नकाशांच्या कपाटावर धूळ किती आहे ते बघा. माहितीपत्रकापेक्षा ती धूळ जास्त खरं बोलते.

भूगोलाची पदवी काही विद्यापीठांत कला शाखेत मिळते, काही ठिकाणी विज्ञान शाखेत, तर काही ठिकाणी दोन्हीकडे. मूळ विषय बराचसा सारखा असतो, खरा फरक जोडीच्या विषयांत पडतो. एकीकडे अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, दुसरीकडे भूशास्त्र, गणित, पर्यावरणशास्त्र. कोणत्याही शाखेत असा, जोडीला संख्याशास्त्र मिळत असेल तर डोळे झाकून घ्या.

‘गणित सुटावं म्हणून भूगोल घेतला’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. गणित सुटत नाही. पण घाबरण्याइतकंही ते नसतं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने पृथ्वीचा घेर मोजला, तो सावलीच्या कोनावरून. दक्षिणायन सुरू होण्याच्या दिवशी भर दुपारी इजिप्तमधल्या सायीन गावी सूर्य थेट डोक्यावर असे. त्याच वेळी अलेक्झांड्रियात तो ७.२ अंश कललेला दिसे. ७.२ अंश म्हणजे पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग. दोन्ही गावांतलं अंतर ५,००० स्टेडिया (अंतराचं जुनं ग्रीक माप) धरलं, त्याला पन्नासने गुणलं, झाला घेर: २,५०,००० स्टेडिया. गुणाकार, भागाकार, टक्केवारी, थोडी त्रिकोणमिती आणि एककं बदलण्याची सवय एवढी शिदोरी असली की पहिलं वर्ष निभतं.

पहिला आठवडा: तुमचा तुकडा ठरवा

आता तो एक किलोमीटर. घरापासून किंवा वसतिगृहापासून पायी जाता येईल अशी जागा हवी. एखादा ओढा, टेकडीचा उतार, किनाऱ्याची पट्टी, एखादा जुना रस्ता किंवा शहर संपून शेती सुरू होते ती कड, काहीही चालेल. निसर्गरम्य असण्याची गरज नाही. उलट कंटाळवाणी जागा बरी, कारण तिथे बघायला शिकावं लागतं. दोन अटी मात्र पाळा: तिथे कुठल्याही ऋतूत जाता आलं पाहिजे आणि एकट्याने फिरायला जागा सुरक्षित असली पाहिजे.

पहिल्या फेरीला फक्त वही आणि पेन्सिल न्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा आणि कुठे काय बदलतं तेवढंच टिपा. मातीचा रंग, उतार, घरांची उंची, झाडं, दुकानं, पाण्याचा आवाज. मग कच्चा नकाशा काढा. तो वेडावाकडा येईल. त्यावर तारीख घालून ठेवून द्या. तिसऱ्या वर्षी तो पाहताना स्वतःचंच हसू येईल, पण लघुप्रबंधाचा विषय बहुतेक वेळा त्याच कागदात दडलेला सापडतो.

यामागचं कारण साधं आहे. पहिल्या वर्षी हवामान एका पेपरात, वसाहती दुसऱ्या पेपरात आणि नकाशे प्रात्यक्षिकाच्या तासाला, असा विषयाचा वाटा-वाटा होतो. परीक्षेपुरतं ते बरं असतं, पण जमिनीवर हे सगळं एकत्रच नांदतं. तुमच्या तुकड्यावर ते एकत्र दिसतं.

पहिलं वर्ष: दोन भूगोल, एक भांडण

वर्गात गेल्यावर कळेल की भूगोलात दोन घरं आहेत. प्राकृतिक भूगोलात भूरूपशास्त्र, हवामानशास्त्र, सागरविज्ञान, मृदा, जैवभूगोल. मानवी भूगोलात लोकसंख्या, वसाहती, शेती, उद्योग, राजकारण, संस्कृती. विद्यार्थी पहिल्या सहा महिन्यांतच एका घराचे होऊन जातात आणि दुसऱ्याकडे नाक मुरडतात. एवढ्या लवकर पक्ष निवडू नका.

मध्य आशियातल्या अरल समुद्राचं उदाहरण घ्या. नावाला समुद्र, पण खरं तर सरोवर. १९६० च्या सुमारास ते क्षेत्रफळाने जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर होतं, सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर. त्याला पाणी पुरवणाऱ्या अमू दर्या आणि सीर दर्या या नद्या कापसाच्या सिंचनासाठी वळवल्या गेल्या. वाळवंटी हवेत बाष्पीभवन नेहमीच्याच गतीने चालू राहिलं, पण भर घालणारं पाणी आटलं. पाणी खारट होत गेलं, मासेमारी बुडाली, उघड्या पडलेल्या तळावरचं मीठ वाऱ्याबरोबर उडू लागलं आणि मोयनाकसारख्या बंदरात बोटी वाळूत रुतून राहिल्या. यातलं प्राकृतिक किती आणि मानवी किती, हे वेगळं काढून दाखवा पाहू. बाष्पीभवनाचं गणित येत नसेल तर समुद्र का आटला हे सांगता येणार नाही, आणि कापसामागचा सरकारी निर्णय ठाऊक नसेल तर तो तेव्हाच का आटला हे सांगता येणार नाही.

प्राकृतिक भूगोल वाचताना नुसती व्याख्या वाचून पुढे जाऊ नका, कारणांची साखळी वहीत काढा. दक्षिण अमेरिकेतलं अटाकामाचं वाळवंट समुद्राला लागून असूनही कोरडं का? एक कारण पुरत नाही. पूर्वेकडून येणारी बाष्पाची हवा अँडीज पर्वत अडवतो. किनाऱ्याजवळून थंड हम्बोल्ट प्रवाह वाहतो, त्यामुळे वरच्या हवेपेक्षा खालची हवा गार राहते आणि वर चढत नाही. शिवाय उपोष्ण कटिबंधातल्या जास्त दाबाच्या पट्ट्यात हवा खाली उतरत असते. तिन्ही कारणं एकत्र आली की धुकं पडतं पण पाऊस पडत नाही. अशी साखळी स्वतः काढता आली की धडा समजला म्हणायचं.

सिद्धान्त कसे जन्मतात हेही जाता जाता बघा, वाचायला गंमत येते. आल्फ्रेड वेगेनरने १९१२ मध्ये खंड सरकतात असं मांडलं. तो मुळात हवामानशास्त्रज्ञ. हवामानाच्या वर्गीकरणामुळे ज्याचं नाव तुम्हाला पहिल्याच वर्षी भेटेल तो कोपेन म्हणजे त्याचा सासरा. वेगेनरकडे पुरावे भरपूर होते, पण खंडांना ढकलतं कोण याचं पटेल असं उत्तर नव्हतं. पुढे १९५० च्या दशकात मारी थार्पने अटलांटिकच्या तळाच्या खोलीचे आकडे कागदावर उतरवताना सागरी पर्वतरांगेच्या माथ्यावरची खचदरी ओळखली. तिच्या सहकाऱ्याने सुरुवातीला ते उडवून लावलं. त्या काळात संशोधन-जहाजावर बायकांना घेत नसत, त्यामुळे ज्या समुद्राचा तळ तिने रेखाटला त्यावर तिला जाताही आलं नव्हतं. १९६० च्या दशकात भूपट्ट-सिद्धान्त (पृथ्वीचं कवच सरकत्या तुकड्यांचं आहे हा) मान्य झाला, त्यात तिच्या नकाशांचा मोठा हात आहे.

मानवी भूगोलात प्रतिमानं (मॉडेल्स) भेटतील. फोन थ्युनेनची १८२६ ची शेतीची वर्तुळं, ख्रिस्टालरची १९३३ ची मध्यवर्ती ठिकाणांची षट्कोनी मांडणी. मुलं विचारतात, ‘सर, असे षट्कोन जमिनीवर कुठे दिसतात?’ दिसत नाहीत. सपाट जमीन आणि सगळीकडे सारखी लोकवस्ती धरली तर काय व्हायला हवं, एवढंच प्रतिमान सांगतं. तुमच्या तुकड्यावर ते लावून बघा, आणि जिथे बसत नाही तिथे थांबून का ते विचारा. परीक्षेच्या उत्तरात हा ‘बसत नाही’चा भाग लिहिणारे फार थोडे असतात, आणि तपासणाऱ्याची नजर नेमकी तिथे अडते.

प्रात्यक्षिक: नकाशा खोटं कुठे बोलतो ते शिका

प्रात्यक्षिकाची वही म्हणजे सुंदर अक्षर आणि रंगीत पेन्सिली असा समज असतो. मार्क त्याला मिळतातही, त्याबद्दल मी काही करू शकत नाही. पण शिकायचं वेगळंच असतं.

आधी प्रमाण. १ : ५०,००० या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. त्यावर ओढलेली अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर २५ मीटर रुंद असते, म्हणजे रस्ता आणि त्याच्या दोन्ही कडेची घरं त्या एका रेघेखाली गडप होतात. त्यामुळे नकाशा काढणाऱ्याला काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवावंच लागतं. नकाशा हाती आला की त्यात काय गाळलंय हे आधी शोधा.

मग समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. त्या जवळजवळ आल्या की चढ तीव्र, एवढ्यावर समाधान मानू नका, आकडा काढा. याच प्रमाणाच्या नकाशावर २० मीटरच्या अंतराने काढलेल्या दोन समोच्च रेषांमध्ये ४ मिलिमीटर जागा असेल तर जमिनीवर आडवं अंतर २०० मीटर. उतार झाला १० ला १, म्हणजे सुमारे पावणेसहा अंश. आता अशाच उतारावर प्रत्यक्ष चालून या. नकाशावरची ती जागा आणि पोटऱ्यांत भरलेला गोळा यांची एकदा गाठ पडली की समोच्च रेषा पुन्हा विसरत नाहीत.

प्रक्षेपणांत सगळे अडकतात, कारण सूत्रांच्या आधी हेतू कुणी सांगत नाही. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायची तर आकार, क्षेत्रफळ, अंतर, दिशा यांपैकी काही ना काही बिघडणारच. मर्केटरने १५६९ मध्ये केलेला नकाशा खलाशांसाठी होता. होकायंत्राची एकच दिशा धरून जायचा मार्ग त्यावर सरळ रेषेत येतो, आणि त्याची किंमत क्षेत्रफळाने मोजली. म्हणून त्या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेच्या बरोबरीचं दिसतं. खरं पाहता आफ्रिका सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर आणि ग्रीनलंड २१ लाखांच्या थोडं वर, म्हणजे चौदापट फरक. प्रक्षेपण पाठ करताना ‘हे कोणासाठी, आणि काय बिघडवून?’ हा प्रश्न प्रत्येकाला विचारा, निम्मं पाठांतर वाचेल.

क्षेत्रभेट: पदवीचा खरा ऐवज

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक जण क्षेत्रभेटीला सहलीचं सामान घेऊन येतात.

वही कडक पुठ्ठ्याची, खिशात मावणारी. लिहायचं पेन्सिलीने, पावसात शाई पसरते. प्रत्येक पानावर सर्वांत आधी तारीख, वेळ, ठिकाण, हवामान. मग निरीक्षण. मग, वेगळ्या रकान्यात, तुम्हाला काय वाटतं ते. हे दोन रकाने कधीही मिसळू देऊ नका. ‘काठ दोन मीटर उंच, उभा, मुळं उघडी’ हे निरीक्षण. ‘नदी इथे काठ कापते आहे’ हा अंदाज. अंदाज उद्या बदलेल, निरीक्षण तेच राहील.

आणि एककं लिहा. पहिल्याच मोठ्या क्षेत्रभेटीत माझ्याकडे ओढ्याच्या खोलीची नोंद होती. तीन दिवस मापं घेतली, वही आकड्यांनी भरली, आणि परत आल्यावर कळलं की काही पानं सेंटिमीटरमध्ये आहेत, काही इंचांत, आणि कोणती कशात ते कुणालाच आठवत नाही. टेप दोन बाजूंनी छापलेला होता. गटातल्या चौघांनी दोन दिवस माझ्याशी धड बोलणं केलं नाही. तेव्हापासून मी आकड्याआधी एकक लिहितो. बघणाऱ्याला विचित्र वाटतं, वाटू दे.

मोजमाप कसं असतं याचा अंदाज यावा म्हणून ओढ्याचा विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारं पाणी, काढू. दहा मीटर लांबीचा सरळ भाग निवडा. रुंदी मोजा, समजा ४ मीटर. रुंदीभर सारख्या अंतरावर खोली मोजून सरासरी काढा, समजा ०.३ मीटर. छेदाचं क्षेत्रफळ झालं १.२ चौरस मीटर. आता पाण्यावर अर्धवट बुडून तरंगेल असं काहीतरी सोडा, फळ चालतं. ते दहा मीटर जायला २० सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. तळाशी घर्षणामुळे पाणी हळू जातं, म्हणून सरासरी वेगासाठी ०.८५ ने गुणतात: ०.४२५. विसर्ग, सेकंदाला सुमारे ०.५१ घनमीटर. एकदा मोजून थांबू नका, निदान पाच वेळा करा. पाच वेळा पाच वेगळी उत्तरं येतील. त्यांतला फरक किती, हीसुद्धा नोंदच आहे. ती लपवायची नसते. तुमच्या तुकड्यात ओढा असेल तर हीच मापं दर महिन्याला त्याच जागी घ्या. वर्षभराचे बारा आकडे हातात असलेला विद्यार्थी क्वचितच भेटतो.

माणसांशी बोलायचं असेल तर तयारी वेगळी लागते. आपण कोण, कशासाठी विचारतोय, उत्तराचं काय करणार, हे आधी सांगा आणि परवानगी घ्या. नको म्हणाले तर आभार मानून पुढे जा. अहवालात नावं घालू नका, घर ओळखू येईल असा ठिपकाही नकाशावर टाकू नका. ‘तुम्हाला पाण्याचा त्रास होतो ना?’ असा प्रश्न विचारला तर उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत. ‘काल पाणी कुठून आणलं, किती वेळ लागला?’ असं विचारा. प्रश्नावली आधी चार-पाच ओळखीच्यांवर वापरून बघा. कागदावर सुबक वाटणारे निम्मे प्रश्न तोंडाने विचारताना अडखळतात.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात. एकट्याने लांब जाऊ नका. कुठे जातोय आणि कधी परतणार हे कुणाला तरी सांगून ठेवा. किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या वेळा पाहूनच उतरा. वरच्या भागात पाऊस चालू असेल तर इथे ऊन असलं तरी नदीच्या पात्रात पाय घालायचा नाही.

दुसरं वर्ष: आकड्यांचा दगाफटका

संख्याशास्त्राच्या पेपरात सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध, रिग्रेशन येतं. ते कोणत्याही पुस्तकात मिळेल. भूगोलात आल्यावर त्या आकड्यांना ज्या खोडी लागतात त्या मात्र नीट समजून घ्या.

पहिली खोड सीमारेषांची. चार चौकोनी विभाग घ्या, लोकसंख्या सारखी. वरच्या दोन्हींत गरिबी १० टक्के, खालच्या दोन्हींत ३० टक्के. आडवे जोडून दोन प्रभाग केले तर एक १० चा, एक ३० चा, मोठी दरी. तेच विभाग उभे जोडले तर दोन्ही प्रभागांत २० टक्के, दरी गायब. माणसं तीच, घरं तीच, फक्त रेघ हलली. रंगछटांचा कोणताही नकाशा पाहताना रेघा कोणी आणि कशा मारल्या हे विचारल्याशिवाय त्यावर विश्वास टाकू नका.

दुसरी खोड, समूहावरून माणसाबद्दल बोलण्याची. १९५० मध्ये रॉबिन्सन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या जनगणनेवरून दाखवलं की ज्या राज्यांत परदेशी जन्मलेले लोक जास्त, तिथे साक्षरताही जास्त. पण एकेका माणसाकडे पाहिलं तर चित्र उलटं होतं, परदेशात जन्मलेल्यांत साक्षरता कमी होती. ते लोक मुळातच जास्त साक्षर राज्यांत जाऊन स्थिरावले होते, एवढंच. विभागाच्या आकड्यांवरून विभागाबद्दल बोला, माणसाबद्दल नको.

तिसरी शेजारधर्माची. वॉल्डो टोबलरने १९७० मध्ये मांडलं त्याचा आशय असा, की सगळ्या गोष्टींचा सगळ्यांशी संबंध असतो, पण जवळच्यांचा लांबच्यांपेक्षा जास्त. शेजारशेजारच्या शंभर ठिकाणी तापमान मोजलं तर हाती खऱ्या अर्थाने शंभर स्वतंत्र नोंदी येत नाहीत, कारण प्रत्येक नोंद शेजारणीची थोडीफार नक्कलच असते. नमुना निवडताना हे विसरलं की निष्कर्ष वाजवीपेक्षा जास्त ठाम दिसायला लागतात.

जीआयएस: बटणं नंतर

क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, तेच घ्या. पहिल्याच वर्षाच्या सुट्टीत उघडून बसा. तुमचा एक किलोमीटर ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या आधाराने त्यात रेखाटायचा, एवढं एकच काम हाती घ्या. रस्ते रेषांनी, विहिरी ठिपक्यांनी, शेतं बहुभुजांनी. हे करताना जे अडेल तेवढंच शिकायचं. शंभर व्हिडिओ पाहून जे येत नाही ते एका स्वतःच्या नकाशाने येतं.

सगळ्यांना अडवणारी गोष्ट म्हणजे निर्देशांक-पद्धती, म्हणजे जागेचा पत्ता आकड्यांत सांगायची रीत. अक्षांशातला एक अंश साधारण १११ किलोमीटर असतो. रेखांशातला एक अंश विषुववृत्तावर तेवढाच, पण ६० अक्षांशावर निम्मा. म्हणून अंशांत असलेल्या थरावर (लेयरवर) थेट क्षेत्रफळ काढलं की ‘चौरस अंश’ असं काहीतरी निरर्थक उत्तर मिळतं. आधी थर मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात न्या. यूटीएम या प्रक्षेपण-पद्धतीत जगाचे सहा-सहा अंशांचे ६० पट्टे आहेत, आपला कोणता ते पाहून ठेवा. आणि तुमची सगळी गावं आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात तरंगताना दिसली तर घाबरू नका: अक्षांश-रेखांशांचे रकाने रिकामे राहिले आणि संगणकाने शून्य अक्षांश, शून्य रेखांश धरला. हे प्रत्येकाचं होतं.

उपग्रह-प्रतिमांचा खजिना खुला आहे. लँडसॅट ही अमेरिकी उपग्रहांची मालिका १९७२ पासून चालू आहे आणि २००८ पासून तिच्या प्रतिमा सर्वांना मोफत मिळतात. प्रकाशाच्या बहुतेक पट्ट्यांत (लाल, हिरवा असे) तिचा एक ठिपका जमिनीवर ३० मीटर बाय ३० मीटरचा, युरोपच्या सेंटिनेल-२ चा काही पट्ट्यांत १० मीटरचा. हिरवाई मोजायला जवळच्या अवरक्त (इन्फ्रारेड) पट्ट्यातून लाल पट्टा वजा करा आणि दोघांच्या बेरजेने भागा, उत्तर उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान येतं. जोमदार पानं अवरक्त किरण परत फेकतात आणि लाल शोषून घेतात, म्हणून हे जमतं. तुमच्या तुकड्यासाठी वीस वर्षांच्या अंतराने, पण एकाच महिन्यातल्या दोन प्रतिमा घ्या. वेगळ्या ऋतूंतल्या घेतल्या तर ऋतूंमधला फरक दिसेल आणि तुम्ही त्यालाच जंगलतोड म्हणून बसाल. नंतर जागेवर जाऊन पडताळा. पडद्यावर जी हिरवी गर्दी दिसते ती कधी कधी तलावावर पसरलेली जलपर्णी निघते.

लघुप्रबंध: प्रश्न लहान करा

शेवटच्या वर्षी विषय ठरवताना ‘हवामानबदलाचा शेतीवर परिणाम’ असं काहीतरी घेऊन येणाऱ्यांची रांग लागते. त्या विषयावर संस्थांच्या संस्था काम करतायत, तुमच्याकडे सहा महिने आहेत. प्रश्न इतका लहान करा की एका पावसाळ्यात किंवा वीस मुलाखतींत त्याचं उत्तर मिळेल. ‘या ओढ्यावर पूल बांधल्यानंतर त्याच्या वर आणि खाली वाळूच्या कणांचा आकार बदललाय का?’ हा चांगला प्रश्न. ‘या रस्त्यावरची कोणती दुकानं दहा वर्षांत बदलली आणि कोणती टिकली?’ हाही. पहिल्या वर्षापासूनच्या वह्या इथे कामी येतात, कारण जुनी नोंद मागाहून तयार करता येत नाही.

नकाशात न बसणारे ठिपके फेकू नका. लंडनच्या सोहो भागात १८५४ मध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉक्टर जॉन स्नोने ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाभोवती मृत्यू दाट आहेत हे नकाशावर दाखवलं, ती गोष्ट तुम्ही ऐकाल. कमी सांगितली जाते ती अपवादांची गोष्ट. पंपाला लागूनच असलेल्या दारूभट्टीतले कामगार जवळजवळ सुरक्षित राहिले, कारण ते पंपाचं पाणी पीत नव्हते. उलट कितीतरी लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक बाई दगावली. तिला त्या पंपाचं पाणी आवडायचं म्हणून ती ते मागवून घ्यायची. दूषित पाण्यातून कॉलरा पसरतो हे त्याने आधीच मांडलं होतं. या अपवादांनी त्याची बाजू जितकी भक्कम केली तितकी गर्दीतल्या ठिपक्यांनी केली नसती. घरोघर जाऊन विचारल्याशिवाय ते कळलंही नसतं.

लिहिताना पद्धतीचं प्रकरण आधी लिहा, ताजं असतं तेव्हाच. प्रत्येक नकाशावर प्रमाण, सूची, उत्तर दिशा, प्रक्षेपण आणि माहितीचा उगम हवाच. मजकुरात ज्याचा उल्लेख नाही असा नकाशा काढून टाका, कितीही मेहनतीचा असला तरी. मार्गदर्शकांकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. दोन पानं आणि एक नेमका प्रश्न घेऊन गेलात तर अर्ध्या तासात काम होतं.

पदवीनंतर

नगररचना, जलव्यवस्थापन, आपत्ती व्यवस्थापन, पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास, नकाशानिर्मिती, मालवाहतुकीचं नियोजन, विमा कंपन्यांतलं पूर-जोखमीचं काम, शिक्षण, स्पर्धा परीक्षा असे रस्ते आहेत. ‘भूगोलतज्ज्ञ’ या नावाने जाहिरात क्वचितच येते, त्यामुळे पदाच्या नावापेक्षा कामाचं वर्णन वाचून अर्ज करायची सवय लावा.

मुलाखतीला जाताना गुणपत्रिकेबरोबर तीन नकाशे न्या, तिन्ही स्वतः केलेले आणि तिन्ही त्याच एक किलोमीटरचे: पहिल्या आठवड्यातला वेडावाकडा, दुसऱ्या वर्षीचा मोजमापाचा, शेवटच्या वर्षीचा जीआयएसमधला. ‘यातला हा ओढा इथे का वळलाय?’ असं समोरच्याने विचारलं की तुम्हाला आठवून काहीच सांगावं लागणार नाही. तिथे तुम्ही पन्नासदा जाऊन आलेले असाल.